ऐटुटाकीचे मामा

७ सप्टेंबर, रविवार

टण्णऽऽ... ठप्प. टण्णऽऽ... ठप्प.

आज जाग आली ती या आवाजानं, आणि क्षणभर मी बार्शीच्या घरात होतो, सात-आठ वर्षांचा, गोधडीत गुरफटलेला. आई पहाटे उठली की मोरीतल्या तांब्याच्या पिंपांवर ओळीनं बोटाचं पेर वाजवत जायची. रिकामं पिंप टण्ण करून कितीतरी वेळ गुणगुणत राही, भरलेलं नुसतं ठप्प म्हणून गप्प बसे. झाकण न उघडता तिला कळायचं कुठल्यात किती पाणी आहे. त्यावरून त्या दिवशी कोणाची आंघोळ आणि कोणाचं नुसतं हातपाय धुणं, हे ठरायचं.

डोळे उघडले तर हॅमिल्टनमधलं मुलाचं घर, आणि आवाज गॅरेजमधून. आमची सूनबाई प्राची रविवारी सकाळी सात वाजता प्लास्टिकच्या टाकीवर लाकडी चमचा मारत होती आणि कानाला यंत्र लावून ऐकत होती.

प्राचीनं अकरा वर्षं इथल्या 'ते रापा' नावाच्या भागातल्या दुधाच्या कारखान्यात काढली. मोठमोठ्या टाक्यांत किती दूध आहे हे सांगणारी यंत्रं सांभाळणं हे तिचं काम. मे महिन्यात तिनं ते सोडलं आणि स्वतःची कंपनी काढली. टाकीला बाहेरून एक डबी चिकटवायची. डबी स्वतःच टाकीवर ठोके मारते, स्वतःच ऐकते आणि पाणी किती उरलं ते फोनवर कळवते. कंपनीचं नाव 'टकोरा'. ते मी सुचवलं. इथल्या गोऱ्यांना ते माओरी नाव वाटतं आणि ते फार आदरानं उच्चारतात.

"तुला हे सुचलं कसं गं?" मी एकदा विचारलं होतं.

"बाबा, पिंपांची गोष्ट तुम्ही मला लग्नापासून दर सणाला सांगताय."

माझ्या आठवणींचा कोणाला उपयोग होईल असं घरात कोणी धरून चाललं नव्हतं. मीही नाही.

९ सप्टेंबर, मंगळवार

आज जेवताना प्राचीनं सगळं स्पष्ट सांगितलं. ऐटुटाकी नावाचं एक बेट आहे, इथून विमानानं बरंच दूर, नारळ आणि निळं पाणी असलेलं. तिथली घरं छपरावरचं पावसाचं पाणी टाकीत साठवतात आणि वर्षभर त्यावर राहतात. तिथे नव्या उद्योगांना हात देणारं एक छोटं केंद्र आहे. निवड झाली तर तीन महिने राहायला जागा, बसायला टेबल, इंटरनेट, आणि कायदा-बँक समजावणारी माणसं. अट एकच: बेटावरच्या कोणीतरी जाणत्या माणसानं 'यांची यंत्रं आमच्या टाक्यांवर लावून बघू' असं लिहून सही द्यायला हवी. मुदत ३१ ऑक्टोबर.

"आणि नाही मिळाली सही तर?" प्रसादनं विचारलं. प्रसाद म्हणजे आमचे चिरंजीव.

"तर तीन नोव्हेंबरला मी परत कारखान्यात. साहेबांनी तोपर्यंत माझी जागा धरून ठेवली आहे, त्यापुढे नाही. तेव्हा घरात रडारड नको."

ती हे हसत म्हणाली. पण पोळीचा तो घास तिनं खाल्लाच नाही, ताटातच मोडत बसली.

मग मला काम मिळालं. केंद्रानं बेटावर कोण कोण मदत करतं त्याची यादी दिली आहे. प्राची म्हणाली, "बाबा, मी लिहिलं की दोन ओळींत संपतं आणि कोणी उत्तर देत नाही. तुम्ही लिहाल का?"

"त्यांना नको सांगूस," सुनीती म्हणाली, "बेटावरचे कागद संपतील."

बायकोच्या बोलण्याकडे मी छत्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलेल्या माणसाच्या धीरानं दुर्लक्ष केलं आणि यादी घेऊन बसलो. यादी पाठ्यपुस्तकातल्या कवितेसारखी मोठ्यानं वाचली. गोदी, टपाल, बँक, शीतगृह, वीज, चर्चचा हॉल. आणि अगदी शेवटी: 'पाणी आणि टाक्या: मामा तेपाएरू.'

मामा! साता समुद्रांपलीकडे, नारळाच्या झाडाखाली, एक मामा बसले आहेत. त्यांच्या भाषेतही तोच शब्द. मला भरून आलं.

११ सप्टेंबर, गुरुवार

मामांना पत्र लिहिलं. ईमेलच, पण शाळेत शिकवायचो तसं: उजव्या कोपऱ्यात पत्ता, तारीख, मायना. मामांना लिहिलं की आमच्या भाषेतही मामा हे आईकडचं फार जवळचं नातं आहे. भाच्यानं मामाकडे हट्ट करायचा असतो आणि मामानं तो पुरवायचा असतो. मी शहात्तर वर्षांचा असलो तरी भाचाच समजावं. माझे सख्खे धाकटे मामा माझ्याहून दोन वर्षांनी लहान होते, तेव्हा वयाचं काही नाही.

ओवीनं, माझ्या नातीनं, मागून वाचलं. ती नऊ वर्षांची आहे. मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत.

"आबा, धिस इज हेप्स लाँग."

"मोठ्या माणसांना मोठं पत्र लिहावं."

"ही वोन्ट रीड इट. ऑर शी. हूएव्हर."

पत्राला उत्तर यावं यासाठी मी आणखी एक परिच्छेद वाढवला.

१६ सप्टेंबर, मंगळवार

मामांचं उत्तर आलं. चार ओळी, पण काय ओळी. मी इथे मराठीत उतरवून ठेवतो.

'किया ओराना रमण. इथेही तसंच आहे, सगळे मामालाच त्रास देतात. मी एकाहत्तर वर्षांचा आहे आणि या बेटावर माझे एवढे भाचे आहेत की एक वाढल्यानं काही बिघडत नाही. पण माझी टाकी काँक्रीटची आहे. पपांनी बांधलेली. पपा पाच वर्षांपूर्वी गेले. तुमची डबी काँक्रीटला काय विचारणार?'

लगेच दुखवट्याचं पत्र लिहिलं. वडिलांचं छत्र कितीही वयात हरपलं तरी माणूस पोरका होतो, पण नव्वदीपार जाऊन, स्वतःच्या हातानं बांधलेल्या टाकीचं पाणी पिऊन जाणं हे भाग्याचं लक्षण आहे, वगैरे.

१८ सप्टेंबर, गुरुवार

मामा लिहितात: 'पपा अडुसष्टचे होते. पण त्यांना नव्वद म्हटलेलं आवडलं असतं. मी खूप हसलो, आणि मग थोडा रडलो. आभारी आहे.'

एकाहत्तर वर्षांच्या मामांचे वडील पाच वर्षांपूर्वी अडुसष्टचे कसे असतील? आकडे उलटे पडले असणार. शहाऐंशी. आमच्या शाळेच्या निकालपत्रकात असं नेहमी व्हायचं.

२४ सप्टेंबर, बुधवार

वाईट दिवस. प्राची गॉर्डनटनच्या एका मळ्यावर गेली होती, तिथे जुनी काँक्रीटची टाकी आहे. मळेवाला 'स्वीट अ‍ॅज', म्हणजे खुशाल करा, म्हणून चहा देऊन गेला आणि ती चार तास टाकीशी झटत बसली. काही नाही. प्लास्टिक बोलतं, काँक्रीट पुटपुटतं. भरलेली आणि अर्धी यांतला फरक डबीला कळेना.

संध्याकाळी ती पायरीवर बसली होती, पायात एकच जँडल, म्हणजे इथली रबरी चप्पल. दुसरी चिखलात राहिली होती आणि तिच्या लक्षातही नव्हतं.

"काँक्रीटच्या शंभर टाक्यांचे आवाज हवेत बाबा. निदान दहा. आणि प्रत्येकीत नेमकं किती पाणी आहे ते मोजलेलं. हॅमिल्टनमध्ये कुठून आणू?"

मी म्हटलं, "मामांकडे मागतो."

"अनोळखी माणसाकडे एवढं मागायचं?"

"अनोळखी कसे? मामा आहेत."

ती माझ्याकडे वळली. मग आज पहिल्यांदाच हसली. "मागा. आपल्या घरात लाज न वाटणारे तुम्हीच आहात."

२५ सप्टेंबर, गुरुवार

मागितलं. मात्र ठोके कसे मारायचे आणि कसे ऐकायचे ते समजावणं आलं, आणि प्राचीचे आकडे मला कळत नाहीत. मग वर्गात छंद शिकवायचो तसं लिहिलं. जो आवाज झटकन संपतो तो लघु, जो लांबतो तो गुरु. टाकीच्या तळापासून वरपर्यंत हातभर अंतरानं ठोके मारत जा. ल, ल, ल, आणि मग जिथे अचानक गुरु लागेल, तिथे पाणी संपलं आणि हवा सुरू झाली. काँक्रीटचा गुरु फार लाजाळू असेल, पण असेल. प्रत्येक टाकी म्हणजे कवितेची एक ओळ आहे असं समजा.

प्राचीनं वाचलं. मग म्हणाली, "हे मी केंद्राच्या अर्जात घालू का?"

छत्तीस वर्षांत एकाही मुख्याध्यापकांनी मला असं विचारलं नव्हतं.

२ ऑक्टोबर, गुरुवार

दसरा. आपट्याची पानं इथे नाहीत. सुनीतीनं बागेतल्या कुठल्याशा झुडपाची पानं वाटली. मामांचं उत्तर आठवडा झाला तरी नाही. न राहवून दुपारी फोनच केला.

पलीकडे बाईंचा आवाज. म्हणाल्या, "मामा स्पीकिंग."

म्हणजे मामा दुसऱ्या कोणाशी तरी बोलत होते. अशा वेळी मध्ये पडू नये. मी अदबीनं म्हटलं, "नो प्रॉब्लेम, आय विल कॉल आफ्टरवर्ड्स. प्लीज टेल मामा, नेफ्यू कॉल्ड." आणि ठेवून दिला. ठेवता ठेवता बाईंचं मोठं हसणं ऐकू आलं. मामी स्वभावानं आनंदी दिसतात. घरात अशी बाई हवी, असं मी सहज म्हटलं तर सुनीती म्हणाली, "मग फोन ठेवलात कशाला?"

६ ऑक्टोबर, सोमवार

आले! अकरा टाक्यांचे आवाज! प्रत्येकाबरोबर फोटो, आणि टाकीत बांबू सोडून मोजलेलं पाणी.

मामा लिहितात की पत्र त्यांनी चर्चच्या हॉलमध्ये सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. त्यांचं गोधड्या शिवणारं एक मंडळ आहे, तेच सगळे जण टाक्या ठोकायला बाहेर पडले. बेटावर लाकडी ढोल वाजवणारे फार, त्यामुळे लघु-गुरु कोणाला समजवावं लागलं नाही.

मला विशेष वाटलं ते हे की तिथे पुरुष गोधड्या शिवतात. केवढं सुधारलेलं बेट. सुनीतीला सांगितलं तर ती म्हणाली, "मग तुम्हीही निदान बटण लावायला शिका."

७ ऑक्टोबर, मंगळवार

प्राची सकाळपासून कानाला यंत्र लावून बसली आहे. जेवायला बोलावलं तर हातानंच 'थांबा' म्हणाली.

९ ऑक्टोबर, गुरुवार

डबीला काँक्रीट कळू लागलं. अकरापैकी नऊ बरोबर. प्राचीनं गॅरेजमध्ये मला, सुनीतीला आणि ओवीला उभं करून ऐकवलं. मला फरक ऐकू आला नाही, पण मी मान डोलावली. कवितेच्या तासाला माझे विद्यार्थी डोलवायचे तशी.

संध्याकाळी प्राचीनं विचारलं, "मग मामा काय म्हणाल्या? सही देतील ना?"

म्हणाल्या! अकरा वर्षं इंग्रजीत काम करून मुलीचं मराठी पार गेलं. लिंगसुद्धा राहिलं नाही. एरवी मी दुरुस्त केल्याशिवाय सोडत नाही, पण आज ती इतक्या आनंदात होती की गप्प बसलो. "मामा म्हणाले," मी एवढंच हळूच म्हटलं, "विचारून सांगतो."

"कुणाला विचारून?" ती म्हणाली. "पपा गेल्यावर त्या एकट्याच तर आहेत."

पुन्हा तेच.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

लक्ष्मीपूजन. चकल्या छान झाल्या, अनारसे हसले. मामांना फराळाचं वर्णन पाठवलं. सहीबद्दल पुन्हा विचारलं नाही. सणाच्या दिवशी मागणं बरं दिसत नाही. प्राची मात्र दर दहा मिनिटांनी फोन बघत होती. दिवे लावताना तिनं एकच पणती तीनदा लावली. विझत नव्हती, तरी लावत होती.

२७ ऑक्टोबर, सोमवार

आज इथे कामगार दिनाची सुट्टी. मामांचं पत्र आलं आणि सुट्टीचा रंग गेला.

'रमण, तुझ्या घरची पत्रं मला आवडतात. पण पपांनी एकदा अशीच एका कंपनीला सही दिली होती. गोड बोलणारी माणसं आली, टाक्यांवर यंत्रं लावून गेली, वर्षभरात बॅटऱ्या मेल्या. फोन उचलायला कोणी नव्हतं. त्या पेट्या अजून तशाच लटकल्या आहेत, आणि लोक पपांना नावं ठेवत राहिले. ज्यांचे चेहरे मी पाहिले नाहीत त्यांच्यासाठी मी बेटाच्या वतीनं सही करत नाही. वाईट वाटून घेऊ नकोस.'

प्राचीनं दोनदा वाचलं. मला वाटलं ती चिडेल. ती म्हणाली, "बरोबर आहे त्यांचं. मीपण केली नसती." मग उठून तिनं लिहायला घेतलं, स्वतः, पहिल्यांदाच. माझ्यासारखं नाही, दोनच ओळी. मी चोरून वाचल्या. 'जुन्या पेट्या काढायला मी येईन, निवड झाली किंवा नाही तरी. चेहरा दाखवायला फोनवर बोलू का?'

दोन ओळींत एवढं मावतं हे मला शहात्तराव्या वर्षी कळलं.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

चार दिवस झाले, मामांकडून काही नाही. फोन वाजतो, कोणी उचलत नाही. मामीसुद्धा नाहीत.

प्राची म्हणते अजून आशा आहे. ऐटुटाकी तारीखरेषेच्या पलीकडे आहे, आमच्या एक दिवस मागे. मुदत तिथल्या शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत, म्हणजे आमच्या उद्याच्या, शनिवारच्या दुपारी चारपर्यंत. काय सुंदर कल्पना. एकच शुक्रवार दोनदा. शाळेत असताना हे कळलं असतं तर निबंधात वापरलं असतं.

कारखान्यातून साहेबांचा फोन आला होता. प्राचीनं 'सोमवारी सात वाजता येते' असं सांगून टाकलं नाही, पण 'नाही' असंही म्हटलं नाही. तिचे सुरक्षेचे बूट गॅरेजमधून निघून दाराशी आले आहेत. प्रसादनं ते पुसून ठेवले.

तिची ती तीन महिन्यांची जागा, ते टेबल, ते निळं पाणी, मला आता डोळ्यांसमोर दिसतं. मला जायचं नव्हतं. पण तिनं जावं असं फार वाटतं. मी स्वतः बार्शीहून पुण्याला कविता छापायला निघालो होतो, आणि नोकरी लागली म्हणून थांबलो. नोकरी चांगलीच होती. तक्रार नाही. पण ही थांबू नये.

१ नोव्हेंबर, शनिवार

दुपारचा एक. ओवी पोहण्याच्या वर्गाहून ओले टॉग्ज, म्हणजे पोहण्याचे कपडे, घेऊन आली, ते तिनं बुटांवरच वाळत घातले. प्राची हसली. दोन वाजता ती म्हणाली, "बास. आता घड्याळ बघणं बंद. बाबा, चहा टाका." मी टाकला. साखर दोनदा पडली. सगळ्यांनी तसाच प्यायला.

मामांवर मी रागावलो नाही. भाच्यानं हट्ट करायचा असतो हे जितकं खरं, तितकंच मामानं कधी नाही म्हणायचं असतं हेही. त्यांना तसं कळवावं म्हणून लिहायला बसलो आहे, मायन्यापाशीच अडकलो आहे.

बेल वाजली. कोणीतरी येतंय. बघतो.

(चष्मा घ्यायला म्हणून खोलीत आलोय, तेवढ्यात घाईत लिहितो.)

दारात एक बाई. चांगल्या उंच-रुंद, डोक्यावर खऱ्या फुलांचा मुकुट, अंगात मोठ्या फुलांचा झगा, हातात विणलेली टोपली. आल्या त्या सरळ ओवीला मिठी मारून. "किया ओराना. कुठला माझा भाचा?"

म्हणजे मामी! इकडे टोकोरोआ गावी बहिणीच्या सत्तरीला आल्या आहेत, माझ्या पत्राच्या कोपऱ्यातला पत्ता घेतला आणि पुतण्याला गाडी काढायला लावली. मी नमस्कार करून म्हटलं, "कम, कम, मामी. मामा पार्किंग?"

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग प्राचीकडे बघितलं. प्राचीनं तोंडावर हात ठेवला होता. सुनीती एकदम स्वयंपाकघराकडे वळली, तिचे खांदे हलत होते. ओवी माझी बाही ओढून कुजबुजली, "आबा, शी इज मामा." मुलीला नाती अजून कळत नाहीत. मामी हा शब्द पुन्हा शिकवायला हवा.

बाईंनी मग प्राचीला हनुवटीला धरून नीट न्याहाळलं, उजेडाकडे वळवून, आई-मावश्या सून बघताना बघायच्या तसं. म्हणाल्या, "हा चेहरा फोन उचलेल." मग खुर्ची ओढून बसल्या. "कुठाय तो कागद? लवकर आणा, तिकडे माझा शुक्रवार संपत आलाय."

चार वाजायला बावीस मिनिटं आहेत. मामांच्या वतीनं मामींनी केलेली सही चालते का, हे केंद्राला आधी विचारून घ्यायला हवं होतं, असं मी म्हणतोय. पण प्राची बाहेरून एकसारखी हाका मारतेय, "बाबा, आधी पेन द्या."